शुद्ध केलेली गाणी

माझी मुलगी अकोल्यात नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी एका मेटल बँडमध्ये ओरडते. गाते, असं म्हणायला हवं. पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फोनचा स्पीकर फाटला का, तेच बघत बसले होते. एवढ्याशा पोरीतून हा आवाज निघतो कुठून, याचं मला भारी कुतूहल. शेवटी विचारलं, “घसा नाही का गं बसत?”

“घशातून नाही आई, पोटातून काढतो आमी,” ती म्हणाली.

मग त्यांचा पहिला अल्बम तयार झाला. कंपनी-बिंपनी कोणी नाही, चौघांनी आपणच काढायचा ठरवलं. रेकॉर्डिंग केलं ड्रमवाल्याच्या अब्बांच्या गादीघरात. चारी बाजूंनी गाद्या रचल्या की आवाज घुमत नाही म्हणे. गाणी सगळी हिची, वऱ्हाडीतली. सीडीसोबत शब्दांची पुस्तिका द्यायची होती, नाहीतर ऐकून कोणाला एक अक्षर कळलं नसतं. मी अमरावतीत जन्मभर मराठी शिकवलेली, म्हणून तपासायचं काम माझ्याकडे आलं.

“फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाह्यजो, अन् तशीच प्रेसमंधी देऊन टाक,” तिनं बजावलं होतं.

मी पाहिलं. पण लाल पेन हातात आल्यावर माझा हात थांबेल तर शपथ. ‘मले’चं ‘मला’ झालं, ‘तुले’चं ‘तुला’, ‘काहून’चं ‘का’. पोरीचं नाव चारचौघांत जाणार, नीट दिसायला नको?

छापून आलेला गठ्ठा घेऊन मी अकोल्याला गेले. गादीघरात अब्बांनी चहा दिला. “समझता तो हमको भी कुछ नहीं बहेनजी, पर पाँव हिलता है,” ते हसून म्हणाले. सीडी लागली. पहिलीतल्या पोरासारखं मी ओळीवर बोट ठेवून ऐकायला लागले, आणि काय सांगू, त्या गर्जनेतून खरंच शब्द सुटे होऊन येऊ लागले! मला इतकी मजा वाटली. मग एका गाण्यात ती एकच शब्द ओढून ओढून विचारायला लागली. काहून? काहून? माझं बोट ‘का’वर होतं. ‘का’ केव्हाच संपला होता आणि ती ओरडतच होती.

शेजारी बसून मुलगीही पुस्तिका वाचत होती. ती काही बोलायच्या आत मीच म्हणाले, “अगं, छापलेल्यात तसं चूक दिसतं.”

“लहानपणी मी ‘मले’ म्हटलं का तू दहा-दहा वेळा ‘मला’ लिहून घ्याची,” ती शांतपणे म्हणाली. “मले तं तू तवाच सुधरवलं आई. हे गाणे तरी राहू द्याचे होते.”

मला फार वाईट वाटलं. ते ‘काहून’ कोणाला विचारलेलं होतं, ते मला तेव्हा कळलं.