कापण्याचे शब्द

नव्वदच्या दशकात, बारावीला असताना माझं अपेंडिक्स काढलं. मुरगूडहून पोट धरून एसटीनं शहरात आलो आणि शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात त्याच दिवशी ऑपरेशन झालं.

शेजारच्या खाटेवर इंग्रजीचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या पित्ताशयात खडे झाले होते, ऑपरेशन व्हायचं होतं. सकाळी डॉक्टर फेरीला आले, तेव्हा माझी ‘अपेंडेक्टॉमी’ आणि त्यांची ‘कोलेसिस्टेक्टॉमी’ असं काहीबाही बोलून गेले.

मी विचारलं, “सर, दोन्ही शब्दांचं शेपूट एकच कसं?”

सरांना शब्दांची मुळं शोधायचा नाद होता. “जुन्या ग्रीकमध्ये ‘टोमी’ म्हणजे कापणं. त्याआधीचा ‘एक’ म्हणजे बाहेर. तुझं कापून बाहेर काढलंय.”

“मग ॲनाटॉमी?”

“तेच. शरीर कापून, उलगडून बघायचं.”

मला केमिस्ट्री आठवली. “आणि ॲटम?”

सर उठूनच बसले. “तिथला ‘अ’ म्हणजे नाही. आपल्या ‘अखंड’मधला असतो तसा. ज्याला आणखी कापता येत नाही, तो ॲटम.”

“पण सर, ॲटम फुटतोय की!”

सर खो खो हसले. मीही हसायला गेलो आणि टाके ओढले गेले.

“हसू नगंस, गप पड,” आई ओरडली. ती डब्यावरच्या मुंग्या झटकत होती. सरांनी त्यातल्या एकीकडे बोट केलं. “किड्याला ग्रीक लोक ‘एंटोमॉन’ म्हणायचे. अंगात काप घेतलेला. त्यातही तोच शब्द.”

आईनं मुंगी निरखून बघितली. “व्हय की गुर्जी! कंबर कापल्यागत हाय हिची!”

त्यांच्या ऑपरेशनच्या सकाळी मात्र सर स्ट्रेचरवर चढताना मला म्हणाले, “अर्थ ठाऊक असला म्हणून भ्या जात न्हाय रे.” दुपारभर मी दाराकडे बघत पडलो.

संध्याकाळी ते खाटेवर परत आले. हळूहळू शुद्ध आली. त्यांच्या पत्नीनं बाटलीतले खडे दाखवले. सरांनी ती बाटली कशीबशी उजेडात धरली आणि पुटपुटले, “ग्रीकमध्ये दगडाला ‘लिथोस’ म्हणतात.”

“म्हणजे सर, लिथियम त्यावरूनच?”

सरांचे डोळे चमकले. पण ते तोंड उघडणार तेवढ्यात त्यांच्या पत्नीनं दोघांनाही दटावलं, “आता झोपायचं. शब्द काय पळून जात न्हाईत.”