हळदीच्या सौद्यातला हात

सांगलीत क्रिकेटपटूंच्या जुन्या कार्डांचा लिलाव करणाऱ्या पेढीतला कारकून आधी हळदीच्या सौद्यात होता. काहीही विचारा, मोबाईलमधून मान वर न काढता म्हणणार, "हुतंय की!" कधी, ते देवालाही सांगत नसेल. लहानपणी च्युइंगमसोबत मिळालेलं, वहीत जपलेलं माझं कार्ड लिलावाला लागावं म्हणून मी तीन महिने आष्ट्याहून खेपा घातल्या. परवा मात्र भडकलोच. "आवं, कार्ड एकदा बघितलं तरी का?"

तो पहिल्यांदाच खुर्चीतून उठला. कपाटातून कार्ड काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि हळकुंड वाळलंय का हे मोडून बघतात, तसं मधोमध कडकन मोडलं.

"लय झ्याक वाळलंय," तो म्हणाला. "लावू की लिलावाला!"