अकराव्या प्रकरणातला आवाज

अंध वाचकांसाठी आमच्या ग्रंथालयात पुस्तकं ध्वनिमुद्रित होतात. बाई वाचतात, मी यंत्र सांभाळते. साहित्याची पदवी माझ्याकडे आहे. वाचावं कसं ते बाईंकडून कळलं. एवढीशी खोली, भिंतींना जाड गाद्या. बाई थर्मासमधलं कोमट दूध पितात, घसा मोकळा करतात आणि म्हणतात, "चल गं पदवीधर, दाब बटण."

यंदा एका कादंबरीच्या अकराव्या प्रकरणात त्यांचा आवाज बसला. जड झाला, संथ झाला. भर उन्हात शाल. तपासणीत थायरॉइड मंदावल्याचं निघालं. गोळी सुरू झाली. घरी विसरतात म्हणून गोळ्यांची पट्टी माझ्या खणात. दोन महिने झाले तरी आवाज होता तिथेच.

प्रकरणं तयार होतील तशी वाचकांकडे जातात. मग एका अंध मास्तरांचा फोन आला. "अकराव्यापासून दुसरं कुणी वाचतंय का? पहिल्या बाईंना परत आणा की!"

बाईंनी फोन ठेवला. "एवढं पुस्तक संपवते आणि गाशा गुंडाळते."

पथ्यात त्यांची कसूर नव्हती. थायरॉइडला वाईट असं शेजारीण म्हणाली म्हणून कोबी बंद, फ्लॉवर बंद. नवरा म्हणे, "आता ही हवेवर जगणार."

पुढच्या तपासणीला मी सोबत गेले. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?"

"दुधाबरोबर. घशावर पोट आहे माझं."

डॉक्टर हसल्या. "ते दूधच गोळी अंगी लागू देत नाही. उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्या. दूध, चहा, नाश्ता तासाभराने. कॅल्शियमची गोळी चार तासांनी. मीठ आयोडीनचंच, पण नेहमीएवढं. आणि शिजवलेला कोबी खुशाल खा."

रोज एका हाताने गोळी आणि दुसऱ्या हाताने दूध मीच पुढे करत होते.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "तोंड काय पाडलंस? कोबी घे वाटेत. चांगला गच्च बघून."

दुसऱ्या दिवसापासून बाई सकाळी उपाशीपोटीच येत, आणि गोळीनंतर तासभर थर्मास माझ्या खणात कुलूपबंद. बाई घड्याळाकडे बघत. "जेलर, किती राहिलं?"

दोन महिन्यांनी रक्ताचा अहवाल सुधारला. त्याआधीच शाल खुंटीवर गेली होती. बाईंनी अकरावं प्रकरण पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. मी बटण बंद करायला विसरले.

आठवड्याने मास्तरांचा फोन. "पहिल्या बाई आल्या वाटतं?"

बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"आल्या," म्हणाल्या. "रजेवर होत्या."