बाळंतिणीचे पाणी

"हे जुलाब नाहीत. हिला बद्धकोष्ठता झाली आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मला वाटले, यांनी दुसऱ्याच कोणाचा कागद हातात घेतला आहे.

वृंदाच्या बाळंतपणाचा तो अकरावा दिवस. दोन दिवस तिला थोडे थोडे पातळ होत होते, तिच्याही नकळत कपड्याला लागत होते. म्हणून आम्ही तिला रिक्षात घालून आणले होते. डॉक्टरबाईंनी पोट चाचपले, हातमोजा घालून तपासले आणि म्हणाल्या, फीकल इम्पॅक्शन. म्हणजे मल आतड्याच्या शेवटी साचून वाळतो आणि त्याचा घट्ट गोळा होतो. तो हलत नाही. मागचे पातळ तेवढे त्याच्या कडेने झिरपत राहते. बघणाऱ्याला वाटते, पोट बिघडले.

मीरा, रोहित, ही वृंदा म्हणजे माझी मुलगी, तुमची आई, आणि ते अकरा दिवसांचे बाळ म्हणजे मीरा, तू. आता तुझेच दिवस भरत आले आहेत आणि माझे गुडघे मला इतक्या लांब येऊ देत नाहीत. म्हणून हे लिहिते. रोहित, तूही वाच. हे फक्त बायकांचे म्हणून बाजूला ठेवू नकोस.

मीरा, चामराजपेटच्या आमच्या घराजवळच्या नर्सिंग होममध्ये तुझा जन्म झाला. बाळंतपण सरळ होते, पण एपिसिओटमी करावी लागली. म्हणजे बाळाला वाट मिळावी म्हणून खाली छोटा छेद देतात आणि नंतर टाके घालतात. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. बरोबर लोहाच्या गोळ्या, दुखण्याच्या गोळ्या आणि एक इंग्रजी छापील कागद होता. त्यावर दुसऱ्याच ओळीत लिहिले होते की बाळंतिणीने भरपूर पाणी प्यावे.

मी तो कागद वाचला. मी शाळेत पंचवीस वर्षे इंग्रजी शिकवत होते. उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे द्या, हे मी हजारो मुलींकडून करून घेतले असेल. तो कागद मी नीट घडी घालून कपाटात ठेवला.

कारण घरात अक्का होत्या. तुमच्या आजोबांची थोरली बहीण. बाळंतपण त्यांनी हातात घेतले की घरात कोणी वर मान करून बोलत नसे. बाळंतिणीने पाणी पिऊ नये, हा त्यांचा पहिला नियम. पाण्याने पोट सुटते, अंग सुजते, बाळाला सर्दी होते. आमच्या शेजारच्या कन्नड घरांतही हेच चाले, त्यामुळे कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. जेवण म्हणजे मऊ गरम भात, तूप, मिऱ्यांचे सार, भाजलेला लसूण आणि डिंकाचे लाडू. पालेभाजी नाही, फळ नाही.

मी एकदा हळूच विचारले की पाणी थोडे वाढवले तर चालेल का. अक्का म्हणाल्या, "माझी चार बाळंतपणं अशीच झाली. मेले का मी? मेले असते तर तुझ्याच डोक्याचा ताप कमी झाला असता."

मी हसले आणि विषय संपला. पण नुसते अक्कांवर ढकलणे खोटे ठरेल. त्यांचा नियम 'पाणी कमी' एवढाच होता. त्याला वेळापत्रक मी लावले. ओवा घालून उकळलेले पाणी, एक छोटा पेला सकाळी दहाला, एक दुपारी चारला. मधे वृंदाने मागितले की मी घड्याळाकडे बघून सांगत असे, अजून अर्धा तास आहे. मला माझ्या शिस्तीचे कौतुक वाटत होते.

बाळासाठी मी एक वहीही केली होती. दूध किती वाजता, शू किती वेळा, शीचा रंग कोणता. आईला शी झाली का, हे त्या वहीत नव्हते आणि माझ्या डोक्यातही नव्हते.

वृंदा रोज संडासात जाऊन बसायची आणि तशीच परत यायची. जोर केला तर टाके उसवतील, अशी तिला धास्ती होती. ती मला हे नंतर म्हणाली. लोहाच्या गोळ्यांनीही मल घट्ट आणि काळा होतो, हेही मला नंतर कळले. सहाव्या दिवसापासून तिने ताटात भात टाकायला सुरुवात केली. भूक नाही म्हणायची. खरे म्हणजे तिने तिच्यापुरता हिशेब केला होता की खाल्लेच नाही तर जावेही लागणार नाही. दूध कमी झाले. तू रडायला लागलीस. अक्कांनी दूध यावे म्हणून लाडू वाढवले.

नवव्या दिवशी ते पातळ सुरू झाले. अक्कांनी जायफळ उगाळून चाटवले. आणि मी, जुलाबात पोटाला विश्रांती हवी म्हणून, चारचा पेला बंद केला.

तर डॉक्टरबाईंनी विचारले, ही दिवसाला पाणी किती पिते. मी खरे ते सांगितले. आधी दोन पेले, परवापासून एक. त्या लिहिता लिहिता थांबल्या.

नंजम्मा तुला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली होती. ती आमच्याकडे बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊ घालायला यायची. मितभाषी बाई. ती कन्नडमध्ये म्हणाली, "अम्मा, रागावू नका. न्हाणीत ताई अंगावर घ्यायच्या पाण्यातलं तांब्याभर पितात. रोज. मी तोंड फिरवून उभी राहते."

वृंदाने माझ्याकडे पाहिले नाही. ती भिंतीकडे बघत राहिली.

"नर्सिंग होममधून कागद दिला नव्हता का?" डॉक्टरबाईंनी मला विचारले.

"दिला होता."

"वाचला नाहीत?"

"वाचला होता," मी म्हणाले. त्या परत लिहायला लागल्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

आधी तेलाचा एनिमा दिला. म्हणजे गुदद्वारातून तेल आत सोडतात, गोळा मऊ व्हावा म्हणून. मग बाकीचे डॉक्टरबाईंनी जेली लावून बोटाने थोडे थोडे काढले. मी बाहेर बाकावर बसले होते. आतून वृंदाचा आवाज येत होता, बाळंतपणात आला नव्हता तसा. नंजम्मा तुला थोपटत होती. दीडएक तास गेला असेल. मला उठून पाणी प्यावेसे वाटले आणि प्यायले गेले नाही.

टाके शाबूत होते. पण कडेला फिशर झाले होते, म्हणजे चीर. ती भरेपर्यंत दुखणार होते. डॉक्टरबाईंनी लॅक्ट्युलोज नावाचे गोड औषध दिले. ते आतड्यात पाणी धरून ठेवते आणि मल मऊ होतो. दूध पाजणाऱ्या आईला ते चालते, असेही सांगितले. रात्री इसबगोल, त्याच्यावर भरपूर पाणी. लोहाची गोळी त्यांनी बदलली. दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या टबात बसायचे, त्याला सिट्झ बाथ म्हणतात.

वृंदाला त्या म्हणाल्या, "टाके इतक्या सहज उसवत नाहीत. स्वच्छ कपड्याची घडी पुढून टाक्यांवर धर. पायाखाली छोटा पाट घे. जोर करू नकोस, श्वास सोड. आणि तहान लागली की पाणी पी. कोणाला विचारू नकोस."

शेवटचे वाक्य त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

अक्कांना हे आवडले नाही. "आता समुद्र पाजा," म्हणाल्या, आणि दोन दिवस माजघरात बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी स्वतःच पपई चिरून बशी घेऊन आल्या. "डॉक्टरीणबाईंना विचारून मगच दे हो. नाहीतर माझ्यावर खटला भरतील." बशी ठेवून गेल्या. पपई पिकलेली, गोड होती.

औषध सुरू झाले म्हणजे सगळे लगेच सुटले, असे नाही. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. चीर आहे म्हणून भीती, भीती आहे म्हणून अंग आवळलेले. मीरा, ही अवस्था लांबली तर घरचे उपाय करत बसू नकोस. एरंडेल वगैरे कोणी सुचवले तरी घेऊ नकोस. तीन दिवस गेले की डॉक्टरला फोन कर, आणि पातळ झाले तरी ते जुलाबच आहेत असे धरून चालू नकोस.

तिसऱ्या दिवशी सकाळी वृंदा आत गेली आणि दाराआडून म्हणाली, "आई, जाऊ नकोस. काहीतरी बोलत राहा."

थकून माझे डोकेच चालत नव्हते. मग मी दाराला टेकून सातवीच्या हजेरीपटातली नावे म्हणायला लागले. वर्षानुवर्षे म्हटलेली, आपोआप येणारी. अठ्ठाविसाव्या मुलीपाशी आतून आवाज आला, "झालं."

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा घामाने भिजला होता. दुखले होते, पण टाके उसवले नव्हते. त्या दुपारी ती पोटभर जेवली, परत भात मागून घेतला. दोन दिवसांत दूध वाढले आणि तू रडायची थांबलीस.

तिच्या उशाशी मी पाण्याने भरलेली कळशी आणि पेला ठेवला होता. तिने पेला भरून घेतला, माझ्यासमोर शेवटपर्यंत प्यायली आणि शांतपणे म्हणाली, "आई, तहानेचं काही नव्हतं गं. मला तुला मागायची भीती वाटायची."

मी तुझे दुपटे बदलले.

डॉक्टरबाईंची मी ऋणी आहे. त्यांनी मला सुनावले नाही, नुसते विचारले. नंजम्माची त्याहून जास्त. तिने पाठ फिरवली नसती तर तुमच्या आईचे काय झाले असते, हे मी अजूनही पुरते मनात आणत नाही.

तेव्हापासून कोणाच्याही घरी बाळ बघायला गेले की मी बाळाकडे नंतर जाते. आधी आईजवळ बसते आणि पोट साफ होते का, विचारते. सासरे, दीर, पाहुणे समोर असले तरी विचारते. लोक खाली बघतात. पण बहुतेक वेळा ती मुलगी माझा हात धरते.

मीरा, बाळ झाले की मी फोन करीन. आधी तुझ्याबद्दल विचारीन. मला खरे सांग, आणि मला घाबरू नकोस.