बाईंना नक्की आणा

आधी कप खाली ठेवा. हसताना चहा सांडतो आणि डाग माझ्या टेबलावर पडतो. फजिती माझी आहे, सांगणारही मीच आहे; तेव्हा कुठे हसायचे हेही मीच ठरवीन. आणि मधे बोलू नका.

कसबा पेठेतल्या शाळेत मी हयातभर मराठी शिकवले, हे तुम्ही जाणताच. व्याकरण शिकवले, असे म्हणा. निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. निवृत्त शिक्षिकेच्या घरी काय येते? विजेचे बिल येते. निमंत्रणे येत नाहीत. ती समोरच्या दारातल्या सुलभाताईंना येतात. त्या बँकेत होत्या. आजही कोणाची मुंज, कोणाचा गृहप्रवेश, कोणाच्या नातवाचे बारसे. सारख्या आपल्या भरजरी साडीत कुलूप लावत असतात. आणि जाता जाता मला म्हणणार, "तुम्ही आज घरीच ना?"

हे प्रश्नार्थक वाक्य आहे, असे तुम्हाला वाटते? मला वाटत नाही.

तर आमच्या सोसायटीचा एक व्हॉट्सॲप गट आहे. त्यावर पाण्याचा टँकर कधी येणार याची चर्चा चालते आणि 'पाणि' असे ऱ्हस्व लिहिणाऱ्यांना मी दुरुस्त करते. माझ्या दुरुस्तीला कोणीही उत्तर देत नाही. मीही कर्तव्य सोडत नाही.

एका बुधवारी दुपारी त्या गटावर संदेश आला. पाठवणारा मंदार. हा चौथ्या मजल्यावर राहतो. घरासमोर मोठी गच्ची आहे. माझा विद्यार्थी. वर्गात होता तेव्हा डोक्यावर भरपूर केस होते आणि आत काही नव्हते. आता कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब आहे, म्हणजे आत काही असावे, पण वरचे गेले. संदेश असा होता:

"शनिवारी संध्याकाळी सहा. आमची गच्ची. साठीची मैफल. साधीच आहे, तयारी नको. बाईंना नक्की आणा. बाईंशिवाय मजा नाही."

मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. 'बाईंना.' द्वितीया विभक्ती, आदरार्थी बहुवचन, अनुस्वार जागच्या जागी. माझाच विद्यार्थी!

तिसऱ्यांदा वाचायला गेले, तर संदेश नाहीसा! त्या जागी 'हा संदेश काढून टाकला आहे' अशी ओळ. आता सांगा, माणूस पाठवलेला संदेश काढून का टाकतो? मला कळू द्यायचे नव्हते म्हणून! गुपित होते. मला आश्चर्याचा सुखद धक्का द्यायचा बेत होता.

आणि 'साठीची मैफल' म्हणजे काय, हे मला कोणी समजावायला हवे का? साठ वर्षे पूर्ण होतात ती साठी. मंदारची साठी! पोरगा साठ वर्षांचा झाला आणि त्या दिवशी त्याला कोणाची आठवण यावी? आईवडील गेले, राहिल्या बाई. बाईंशिवाय मजा नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आले. दीर्घ.

तुम्ही म्हणाल, वर्षे मोजायची होती. मोजली नाहीत. टक्कल पाहिले होते, तेवढा पुरावा मला पुरला.

आपल्यात साठीला औक्षण करतात, साठ दिव्यांनी. कणकेचे दिवे, तुपाच्या वाती. हल्लीच्या घरांतून हे होत नाही. मेणबत्ती फुंकून विझवतात आणि त्यावर टाळ्या वाजवतात. मी ठरवले, हे काम माझे. शनिवारी सकाळपासून कणीक मळून साठ दिवे केले, उकडले, वाती वळल्या. शिवाय छोटेसे भाषण तयार केले. विषय, 'शिष्य: शब्द आणि अर्थ'. तयारी नको असे त्याने लिहिले होते, पण ते गृहपाठ न करणाऱ्यांसाठी.

दार उघडेच होते. तुपाचा वास घेत सुलभाताई आल्या.

"कोणाकडे काही आहे वाटतं?"

"मंदारकडे. त्याची साठी. मला विशेष बोलावले आहे."

"हो? मला नाही आलं काही. तोंडी की लेखी?"

"लेखी होते."

"होतं म्हणजे?"

"त्याने काढून टाकले."

सुलभाताईंनी माझ्याकडे पाहिले, परातीकडे पाहिले. म्हणाल्या, "असं."

पुण्यात 'असं' या शब्दाला किती अर्थ आहेत, हे शब्दकोशात नाही. पण त्यातला एकही बरा नाही. मीही म्हणाले, "परत आले की सविस्तर सांगते." हे वाक्य मी बोलायला नको होते.

पावणेसहाला मी हिरवी इरकल नेसून, परात मांडीवर घेऊन बसले. 'आणा' म्हटले आहे, म्हणजे न्यायला कोणीतरी येणार. सहा वाजले. कोणी नाही. सव्वासहा झाले. जिन्यावरून दोघे-तिघे लांब पिशव्या पाठीला लावून वर गेले. मला वाटले, हार-तुरे असतील. एवढे लांब हार! म्हटले, मुले गडबडीत आहेत, आपणच जावे. लिफ्ट अर्थातच बंद होती.

तिसऱ्या मजल्यावर दम लागला म्हणून थांबले. वरून आवाज स्पष्ट येत होते.

"बाई कुठायत रे?" हा मंदार.

"राजेशकडेच आहेत. तो कात्रजच्या चौकात अडकलाय."

"त्याला म्हणावं, सांभाळून आण. मागच्या वेळी बाई स्कूटरवरून पडल्या होत्या."

मी जिन्यात उभी. मी स्कूटरवर कधी बसलेलेच नाही! मग लक्षात आले, की राजेशला माझ्यासाठी पाठवले असावे. हा राजेश बहुधा माझ्याच वर्गातला, मागच्या बाकावरचा. तो माझ्या जुन्या पत्त्यावर कसब्यात गेला असणार आणि आता कोणा भलत्याच वृद्धेला घेऊन कात्रजच्या चौकात उभा असणार! कोणाला तरी पाडलेलेही दिसते! मी घाईने उरलेला जिना चढले आणि दारातून म्हणाले, "राजेशला परत बोलावा. मी आले आहे."

गच्चीवर सात-आठ माणसे सतरंजीवर बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर गिटार.

"बाई!" मंदार धडपडत उठला. "तुम्ही? कशा काय?"

"कशा काय म्हणजे? जिन्याने."

"नाही, म्हणजे, या ना, बसा ना. अनघा, बाईंना खुर्ची दे."

अनघा त्याची बायको. तिने खुर्ची दिली, माझ्या हातातली परात घेतली, वरचा कागद उचलला आणि विचारले, "अगंबाई! दिवे? इतके?"

"साठ," मी म्हणाले. "मोजून घे. ओवाळायचे पाटावर बसवून, पूर्वेकडे तोंड करून. काय मंदार, साठी झाली तरी बाईंच्या पाया पडायचे असते, विसरलास?"

"साठी?" अनघाने नवऱ्याकडे पाहिले. मग माझ्याकडे. "कोणाची?"

"याची."

"अहो बाई, बावन्न चालू आहे त्यांना!"

कोणीतरी खोकले. तो खोकला नव्हता, हे मला कळते. मी वर्गात उभे आयुष्य काढले आहे. मंदारचा हात आपोआप डोक्यावर गेला.

"मग साठीची मैफल म्हणजे काय?" मी विचारले.

"साठची गाणी हो, बाई. साठच्या दशकातली. आम्ही दर महिन्याला जमतो, गिटार वाजवतो, जुनी गाणी म्हणतो. तो मेसेज आमच्या गिटारच्या ग्रुपवर टाकायचा होता, चुकून सोसायटीच्या ग्रुपवर पडला."

'साठच्या दशकातील गाण्यांची मैफल.' किती शब्द लागतात? पण नाही! 'साठीची' म्हणे! आणि याला मराठी शिकवले कोणी, असा प्रश्न मी विचारणारच होते, तेवढ्यात उत्तर आठवले.

ठीक आहे. साठी नव्हती, तर नव्हती. पण माझे महत्त्वाचे वाक्य अजून शाबूत होते ना? बाईंना नक्की आणा. दिवे चुकले असतील. बाई चुकल्या नव्हत्या. मी पदर सावरला आणि म्हणाले, "असू दे. मला बोलावलेस, हे पुष्कळ झाले."

मंदार खाली बघू लागला. अनघा दिवे मोजू लागली. आणि जिन्यातून आरोळी आली.

"घ्या रे, बाई आल्या! दोन खड्ड्यांत आपटल्या, पण पोट फुटलं नाही!"

राजेश दारात उभा. पाठीला काळी लांब पिशवी. मागच्या बाकावरचाच, मी ओळखले. त्यानेही ओळखले. पिशवी पाठीवरून अर्धी उतरली होती, ती तशीच लोंबत राहिली.

"राजेश," मी म्हणाले, "त्या पिशवीत कोण आहे?"

"गिटार आहे, बाई."

"नाव काय तिचे?"

तो उत्तर देईना. शाळेतही देत नसे.

सतरंजीवर एक मुलगी होती, कल्याणी. संगणकाच्या कंपनीतली, शाळा वेगळी, संकोच शून्य. ती आनंदाने म्हणाली, "ओ माय गॉड, मॅम, त्या ओरिजिनल बाई तुम्ही का? हे दोघं सारखं सांगतात तुमच्याबद्दल! राजेशदादाची गिटार खूप जुनी आहे ना, आणि आवाज इतका लाऊड, की सगळे गप्प बसतात. आणि कोणी एक नोट चुकवली तरी बाईंसमोर लगेच उघडं पडतं!"

खरे सांगू? इथवर मला त्यात निंदा दिसेना. उलट मान थोडी ताठ झाली.

"आणि मेन म्हणजे," कल्याणी म्हणाली, "बाई दर पाच मिनिटांनी बिघडतात. सारखे कान पिळावे लागतात!"

"कल्याणी, गप," मंदार म्हणाला.

"अरे, तुम्हीच सांगता ना! की बाईंनी शाळेत आमचे पिळले, आता आम्ही बाईंचे पिळतो!"

तर हे असे होते. 'बाई' हे विशेषनाम होते, गिटारचे. आदरार्थी बहुवचन गिटारला. त्या वाक्यातले कर्म मी नव्हतेच. मी तिथे पोचले, हे माझे कर्म.

कान पिळल्याशिवाय ज्याला ऱ्हस्व-दीर्घ आले, असा एक विद्यार्थी मला आणून दाखवा, असे मला म्हणायचे होते. म्हणाले नाही. उठून जायचे होते. गेले नाही. खाली सुलभाताई होत्या. विशेष निमंत्रित माणूस पंधरा मिनिटांत परत येते का? तेव्हा मी घसा साफ केला आणि म्हणाले, "थांबलात कशाला? वाजवा. मी ऐकते आहे."

त्यांनी वाजवले. गाणी माझ्या कॉलेजच्या दिवसांतली होती. प्रत्येक ओळ मला पाठ होती, त्यांना नव्हती. ती मुले मोबाइलवर शब्द बघत होती आणि तेही रोमन लिपीत! मला कोणी विचारले नाही, बाई, तुम्ही म्हणता का? अनघाने तेवढा चिवडा दिला. दिवे कठड्यावर ठेवले होते, न लावलेले; कणीक वाळून त्यांना भेगा पडत चालल्या होत्या.

तिसऱ्या गाण्याला राजेशच्या गिटारची एक तार उतरली. मला ऐकू आले, सगळ्यांनाच आले. राजेशचा हात गिटारच्या डोक्याकडे, त्या खुंट्यांकडे गेला आणि मधेच थबकला. त्याने माझ्याकडे पाहिले. मंदारने पाहिले. गाणे अर्ध्या ओळीत बंद पडले. माझ्या देखत बाईंच्या कानाला हात लावायचे धैर्य त्या पन्नाशीच्या माणसांना होईना! भीती अजून शिल्लक होती तर. खोटे बोलत नाही, त्या संध्याकाळी मला तेवढेच मिळाले, आणि तेही मी घेतले.

"राजेश," मी म्हणाले, "पीळ."

"बाई, राहू दे..."

"सूर उतरला आहे. उतरलेला मी खपवून घेत नाही. पीळ."

त्याने जरासा पिळला.

"अजून."

"बाई, तार जुनी आहे हो."

"मी सांगितले ना? अजून. अजून थोडा. अजू..."

खाड्कन आवाज झाला. तार तुटून राजेशच्या हाताला लागली, गिटार मांडीवरून घसरून सतरंजीवर उताणी पडली. मग मागून कोणीतरी, नेहमीच्या सवयीने, हळहळून म्हणाले, "गेल्या बाई!"

वाक्य खोटे पडू देणे माझ्या स्वभावात नाही. मी उठले, आणि गेले.