साडूंच्या दिवाणावरचे फोन

जगातल्या सगळ्या मोबाइल कंपन्या रात्रंदिवस एकमेकींशी झुंजतात त्या केवळ आमच्या साडूंच्या अंगठ्याला आराम मिळावा म्हणून, अशी साडूंची ठाम समजूत आहे. आणि त्यांच्याजवळ अर्धा तास बसलं की ती आपलीही होते. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीचे चाचणी-प्लॉट ते सांभाळतात. आपलं वाण आणि दुसऱ्या कंपनीचं वाण एकाच रानात, एकाच पाण्यावर शेजारी-शेजारी पेरायचं आणि कोण सरस ठरतं ते पाहायचं, हा त्यांचा धंदा. तो त्यांनी घरीही आणला आहे. त्यांच्या दिवाणावर कायम तीन कंपन्यांचे तीन फोन ओळीने निजलेले असतात, आणि पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी "ह्याच्यावर जरा मागं जाऊन दाखवा" असा हुकूम मिळतो.

हे मागं जाणं त्यांच्या फार जिव्हाळ्याचं. "भाऊ, पयले खाली तीन बटणं होती. एकानं ती काढून टाकली, कडेवरून बोट सरकवलं की मागं. दुसरा म्हणला, मी काय कमी हाय का? त्यानं दोन्ही कडांनी चालू केलं. डावखुऱ्याचं बी काम बराबर झालं! ह्यांचं भांडण मिटलं ना, तर आपण बिलकुल मेलो." पडद्यावरचं कॅमेऱ्याचं भोक लपवत बसण्याऐवजी एका कंपनीने त्याच्याभोवतीच चालू गाण्याची नि बोलावलेल्या रिक्षाची माहिती नाचवली, तेव्हा साडूंनी ऑफिसात पेढे वाटले. इतरांनीही ते उचललं. मी नकलेला नाक मुरडलं, तर म्हणाले, "नक्कल न्हाई, जरा सुधारून राह्यलेत. वाण असंच तयार होतं." त्यांचं बोलणं मला चहा संपेपर्यंत पूर्ण पटलेलं असतं.

त्यांची परीक्षा मात्र कडक. जाहिरातीतली माणसं स्वच्छ बोटांनी फोन चालवतात, म्हणून साडू एमआयडीसीत सळईच्या कारखान्यातून सुटणाऱ्या कामगारांच्या काळ्या हातात फोन देऊन बघतात. एका लग्नात वरणभाताने बरबटलेलं बोट पडद्याला कळतं का हे पाहायला त्यांनी नवरदेवाच्या मामांना भर पंगतीत फोन लावला आणि समोरच्या रांगेतून ओरडले, "उचला, पण हात पुसू नका!" लग्नात कोणीतरी रुसायचंच असतं, त्या लग्नात ते काम मामांनी केलं.

पण ह्या चाचण्यांचं खरं रान होतं अंकुशनगरला. तिथे साडूंचे वडील, आप्पा, एकटेच राहतात. साखर कारखान्यातून निवृत्त झाले आणि पुढे अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला. मुलाचा रोजचा फोन आपल्या हाताने उचलता यावा, एवढंच त्यांना हवं होतं. साडूंनी तेही शास्त्रशुद्ध घेतलं. दर हंगामाला आप्पांना नवा फोन. एकावर कॉल वर सरकवून उचलायचा, दुसऱ्यावर उजवीकडे, तिसऱ्यावर नुसता दाबून. आप्पा डाव्या हाताने हंगामभर गिरवून एक रीत शिकायचे, तोवर साडू आणखी सोपा फोन घेऊन हजर.

गेल्या दिवाळीनंतर आप्पांनी फोन उचलणंच सोडलं. साडू घाबरले, मला मागे बसवून मोटारसायकलवर अंकुशनगरला धावले. आप्पा ओट्यावर नीट बसलेले होते. फोन कपाटात होता, धोतराच्या घडीखाली.

"एक शिकलो की तू दुसरा आणतो," आप्पा हळूच म्हणाले. "मला वाटलं, माझंच डोकं गेलं. मंग ठेवून दिला."

परतताना त्यांनी गाडी मध्येच थांबवली. "प्लॉटवर आम्ही जुन्या वाणाचा एक पट्टा तसाच ठेवतो, भाऊ. त्याला हात लावत न्हाई. आन् म्या बापाचाच प्लॉट करून टाकला." त्यांचे डोळे भरले होते, आणि मला त्यांची थट्टा करायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आप्पांचा सगळ्यात पहिला फोन शोधून घेऊन गेले. त्याचे अपडेट बंद केले, रजा टाकून तीन दिवस तिथे राहिले आणि फोनला स्वतःचं बोटही लावलं नाही. आप्पाच पुन्हा सगळं गिरवत गेले.

परवा साडू मला घडीच्या फोनबद्दल सांगत होते. अर्ध्या पडद्यावर हे, अर्ध्यावर ते, असे ऐन रंगात आले असताना त्यांचा फोन वाजला. आप्पांनी आपणहून लावलेला हा पहिलाच फोन. साडू ताडकन उभे राहिले आणि घाईत फोन स्पीकरवर टाकला.

"काय झालं, आप्पा?"

"काई न्हाई. लागतो का ते पाह्यलं."

"लागला की!"

"जेवला का?"

"जेवलो. तुम्ही?"

"जेवलो." मग बराच वेळ पलीकडे नुसती खुडबुड. रोजचा फोन साडूच करायचे आणि साडूच ठेवायचे. "आता हा बंद कुठून करायचा रे?"

तीन कंपन्यांच्या तीन रीती तोंडपाठ असलेला माणूस दिवाणावर मटकन बसला.

"नका करू, आप्पा," साडू म्हणाले. "राहू द्या चालूच."