डफडं जाळलेल्या घरातला ड्रम

आमची पायल भोकरदनला एका खासगी दवाखान्यात नर्स होती, अन् सुट्टीच्या दिवशी जालन्याला जाऊन ड्रम बडवायची. मेटल म्हणतेत त्या गाण्याला. पहिल्यांदा ऐकवलं तव्हा मी म्हणले, "बाई, हे गातेत का कोणाच्या अंगावर चालले?" ती हसली. "दोन्ही, मम्मे."

आमच्या ह्यांना मात्र वाजवणंच खपायचं न्हाई. पोरीला तोंडानं कधी नको म्हणले न्हाईत, पण ऐकायलाही कधी गेले न्हाईत. माझे सासरे यात्रेत देवापुढं डफडं वाजवायचे. पालखी देवळात जायची अन् ते पायरीखाली, उन्हात. बौद्ध झाले त्या साली त्यांनी गावाला न्हाई म्हणून सांगितलं अन् डफडं चुलीत घातलं. लई त्रास देला गावानं, पण म्हातारा हलला न्हाई. तव्हापासून आमच्या घरात कोणी काही वाजवलं न्हाई, लग्नात सुद्धा न्हाई.

पायलनं त्याच्यावरच गाणं केलं. "पायरीखाली आम्ही वाजवणार न्हाई," असं ती अन् तिचे सोबती ओरडून म्हणतेत. गाणं मोबाईलवर गावभर फिरलं अन् यात्रा कमिटीनं आम्हाला तिघांनाही बोलावलं.

अध्यक्ष कडूबा गोडच बोलला. "लोकांच्या भावना दुखावल्या, रामकिसन. पोरीला गाणं काढून टाकायला लाव. वाजवायची एवढी हौस असंल तर यात्रेत वाजव म्हणावं. जुना मान तुमचाच हाये. न्हाई तर तिच्या नोकरीचं बघावं लागंल."

मान म्हणे! माझं डोकंच सणकलं. पायल खाली मान घालून उभी होती. बाप काढ म्हणला असता तर तिनं तिथंच काढलं असतं, बापाचा शब्द ती मोडत न्हाई.

हे म्हणाले, "आधी ऐकवा तरी." त्यांनी तवर गाणं ऐकलंच नव्हतं. कोणीतरी मोबाईल लावला. ह्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"कडूबा, इतके साल मी उलटं समजलो," हे म्हणाले. "मला वाटलं, वाजवायचंच न्हाई असं बापानं सांगितलं. बापानं सांगितल्तं, तुम्ही म्हणाल तिथं वाजवायचं न्हाई. गाणं राहील."

पुढच्याच महिन्यात दवाखान्यानं पायलला घरी बसवलं. त्या आठवड्यात हे तिच्यासंगं जालन्याला गेले अन् ती वाजवत होती तवर समोर बसून राह्यले. घरी आल्यावर म्हणाले, "माझ्या बापानं ऐकायला पाहिजे होतं."